फक्कीच्या भिंती

परवा कॉलेजातून एक गुळगुळीत कागदाचं पत्र आलं. स्मरणिका काढायची आहे, 'घडवणारे गुरुजन' या विभागासाठी आपण चार शब्द लिहावेत, सोबत गुरुजनांची यादी जोडली आहे, त्यांपैकी कुणावरही लिहावं. यादीत सतरा नावं होती. मी ती दोनदा वाचली, चष्मा पुसून तिसऱ्यांदा वाचली. वाबळे सरांचं नाव नव्हतं. फोन केला तर एक मुलगी फार गोड आवाजात म्हणाली, "सर, ते कायम नव्हते ना, म्हणून आमच्या रेकॉर्डला येत नाहीत."

मी फोन आपटला. यादीत दोन वर्षं वर्गात डुलक्या काढणारे एक महाशय आहेत. जुन्या वह्या वाचून दाखवणारे दुसरे आहेत. आणि ज्यांनी वाबळे सरांची वाट लावली ते विभागप्रमुख तर पहिल्या नंबरावर, फोटोसकट. म्हणून हे यादीबाहेरच्या माणसावर लिहितो आहे. छापायचं तर छापा, नाहीतर राहू द्या.

सत्तरनंतरची ती दुष्काळाची वर्षं. आमच्या विद्यापीठाला हुक्की आली की आर्किटेक्चरच्या तिसऱ्या वर्षाचा डिझाइनचा वर्ग, आमच्या भाषेत स्टुडिओ, एक टर्म खेड्यात न्यायचा. हुक्की आली खरी, पण खेड्यात जाणार कोण? कायम प्राध्यापकांपैकी कुणाच्या घरी लग्न निघालं, कुणाची कंबर धरली. वाबळे सर वर्षावर्षाच्या नेमणुकीवर होते, चौथं वर्ष चाललं होतं. त्यांना कुणी विचारलंच नाही, नुसतं 'जा' म्हणून सांगितलं. टर्म संपताना ज्युरी होणार, म्हणजे बाहेरचे नावाजलेले आर्किटेक्ट येऊन आमची कामं तपासणार. ज्युरी बरी झाली तर या वेळी कायम करू, असं विभागप्रमुखांनी त्यांना तोंडी सांगितलं होतं. हे आम्हा बाराही विद्यार्थ्यांना ठाऊक होतं. सरांनी मात्र त्याचा कधी उच्चार केला नाही.

स्टुडिओ पाथर्डीला भरला. गावाबाहेरच्या शाळेच्या दोन रिकाम्या खोल्या, पुढं मोठं उघडं मैदान, मैदानाच्या कडेनं नगरला जाणारा रस्ता. विषय असा दिलेला : ऊसतोडीला जाणाऱ्या लोकांच्या साठ मुलांसाठी वसतिगृह. गावातली एक संस्था ते बांधणार होती म्हणे. त्या वर्षी पाऊस जवळपास झालाच नाही. रस्त्यावर दुष्काळी काम निघालं होतं आणि पाथर्डीच्या बायका दिवसभर तिथं खडी फोडत बसत. आम्ही खोलीत ड्रॉइंग बोर्डावर कागद ताणायचो आणि बाहेर दगडावर हातोडी पडत असायची.

वाबळे सर देवळाली प्रवरेकडचे. वडील गवंडी. अंगानं किरकोळ, खाकी बुशशर्ट, खिशात वडिलांची घडीची लाकडी फूटपट्टी. पण ती त्यांना फारशी लागत नसे. त्यांचं पाऊल नेमकं अडीच फुटांचं पडायचं. खोलीतून चालत गेले की सांगायचे, "साडेसतरा फूट." आम्ही टेप लावून बघायचो, तर साडेसतरा फूट.

कौतुकाचा त्यांच्याकडे दुष्काळच होता. 'छान' हा शब्द मी त्यांच्या तोंडून ऐकला नाही. काम अगदी मनापासून आवडलं तर म्हणायचे, "राहता येईल." बस्स. याच्या पलीकडे पदवी नाही. आणि काम टाकाऊ वाटलं तर रागवायचे नाहीत, कागद हातभर लांब धरायचे आणि शांतपणे म्हणायचे, "फोटो चांगला येईल." हे ऐकलेला पोरगा दोन दिवस जेवायचा नाही.

त्यांची एक अट होती. डिझाइन दाखवायला आणायचं तर सोबत एक तक्रारपत्र आणायचं. आपल्याच डिझाइनविरुद्ध, आपल्याच अक्षरात. यात काय चुकलंय, कुणाची गैरसोय होणार आहे, ते आधी तूच लिही. तक्रारपत्र नसेल तर सर कागदाकडे बघायचेही नाहीत. पहिल्या आठवड्यात मी मोठ्या ऐटीत लिहून नेलं, 'काही तक्रार नाही.' त्यांनी चिठ्ठी घडी करून माझ्या खिशात घातली.

"कुलकर्णी, तक्रार नाही म्हणजे तू अजून आत गेलेलाच नाहीस. बाहेरूनच बघून आलास. जा, आत राहून ये."

माणसानं आपल्याच कामावर बोट ठेवायला शिकावं, ते लिहून काढावं आणि लिहिल्याची लाज वाटू नये, एवढंच त्यांना आम्हाला शिकवायचं होतं. आज पन्नास वर्षं या धंद्यात काढल्यावर सांगतो, यापेक्षा मोठं शिक्षण मला कुणी दिलं नाही. आणि ते शिक्षण देणारा माणूस रेकॉर्डला येत नाही!

दुसरी पद्धत फक्कीची. मैदानावर खेळाच्या रेघा मारतात ती पांढरी पूड. डिझाइन जरा आकाराला आलं की सर म्हणायचे, "चला, बाहेर काढा." मग दोऱ्या ताणून अख्खा नकाशा मैदानावर खऱ्या मापात आखायचा. भिंतीच्या जागी दुहेरी रेघ, दाराच्या जागी मोकळं. आणि एकदा रेघ पडली की ती भिंत. ती ओलांडायची नाही. दारातूनच आत, दारातूनच बाहेर. एकदा मी घाईत रेघेवरून उडी मारून पलीकडे गेलो, तर सर मैदानाच्या दुसऱ्या टोकावरून ओरडले, "भिंतीतून चाललास? भूत आहेस का?" मला परत पाठवून दारातून यायला लावलं. उन्हात, सगळ्यांच्या देखत. पाऊसच नसल्यानं त्या रेघा आठ-आठ दिवस पुसायच्या नाहीत आणि आम्ही वेड्यांसारखे रिकाम्या मैदानात वळणं घेत चालायचो. शाळेची पोरं कुंपणावर बसून हसायची.

आखून झालं की सर दुपारच्या सुट्टीत खडी फोडणाऱ्या बायकांना बोलवायचे. त्यांतली गयाबाई नावाची एक बाई फार हुशार होती. चाळिशीची, पाच पोरांची आई, दर वर्षी नवऱ्याबरोबर तोडीला जाणारी. सर तिला म्हणायचे, "मावशी, हे आमच्या पोरांनी तुमच्या पोरांसाठी काढलंय. जरा आत या आणि नावं ठेवा." विद्यापीठाच्या परीक्षकांपेक्षा सरांना तिचा धाक जास्त होता.

पहिल्याच दिवशी तिनं आमची दांडी उडवली. आम्ही बाराही जणांनी उतरती कौलारू छपरं काढली होती. पन्हाळ्या काढल्या होत्या, पावसात पोरं भिजू नयेत म्हणून एका इमारतीतून दुसरीत जायला झाकलेले रस्ते काढले होते. एकानं तर चिखलाच्या चपला ठेवायला वेगळी खोली दिली होती. गयाबाई सगळं ऐकून घेऊन म्हणाली, "पन ह्यात पोरं ऱ्हायची कवा?"

"वर्षभर," मी म्हणालो.

"वर्सभर कशाला? पावसात आमी हितंच असतो की. पोरं आमच्यापाशी. दसरा झाला का आमी जातो कारखान्यावर, ते पार उन्हाळ्यात येतो. पोरं ठिवायची तवा. तवा कुठला आलाय पाऊस? थंडी असती लई, अन् मंग ऊन. पावसात तुमचं हे समदं रिकामंच की हो."

विषयाच्या कागदावर पहिल्याच ओळीत 'ऊसतोडीला जाणाऱ्या' असं लिहिलेलं होतं. ते आम्ही वाचलं होतं, खाली रेघही मारली होती, आणि पुस्तकात भारतातली इमारत म्हणजे आधी पाऊस असं होतं म्हणून सगळे छपरं काढत बसलो. जे घर पावसाळ्यात रिकामं राहणार त्याला पावसापासून वाचवत होतो! सरांना हे पहिल्या दिवसापासून ठाऊक असणार. पण त्यांनी पंधरा दिवस आम्हाला कौलं काढू दिली. पुढं मी विचारलं, तर म्हणाले, "मी सांगितलं असतं तर तू मला हो म्हणाला असतास. तिनं सांगितल्यावर तुला लाज वाटली. लाज टिकते."

त्यानंतर स्टुडिओ बदलला. आमच्यात मधुकर साळवे नावाचा मुलगा होता, नेवाशाचा, बौद्ध समाजातला, घरातला पहिलाच कॉलेजात आलेला. ड्रॉइंगचा हात जड, रेघ कधी सरळ यायची नाही. पण तो दिवसभर मैदानावर असायचा. त्यानं आपलं वसतिगृह चार वेळा आखलं आणि चार वेळा झाडूनं पुसलं. शेवटी जे उभं राहिलं, म्हणजे आडवं पडलं, ते असं : तीन बाजूंनी बुटक्या खोल्या, मध्ये अंगण, अंगणात सकाळचं ऊन येईल अशी दिशा, स्वयंपाकघराची भिंत आणि लहान पोरांच्या खोलीची भिंत एकच, म्हणजे थंडीत चुलीची ऊब पलीकडे लागेल. सरांनी नेहमीचा प्रश्न विचारला. हा प्रश्न ते प्रत्येकाला विचारायचे. "रात्री सात वर्षांच्या पोराला लघवीला लागली. किती पावलं?"

"नऊ, सर. माझी नऊ. पोराची चौदा असतील."

गयाबाई अंगणाच्या जागी फतकल मारून बसली होती. म्हणाली, "हितं पोर ठिवलं तर तिकडं कोयता चालल हातात." सरांनी खिशातली फूटपट्टी काढून उगाच उघडली, परत मिटली. मग म्हणाले, "राहता येईल." सगळ्या टर्ममध्ये ते हे एकदाच म्हणाले. साळवे भर दुपारी रडला.

आता माझं. माझं डिझाइन मैदानावर जायची पाळी दोनदा आली आणि दोनदा मी टाळली. "सर, अजून बदलतंय," असं म्हणालो. खरी गोष्ट अशी होती की माझा हात सगळ्यांत सफाईचा होता आणि ज्युरीला काय आवडतं ते मला ठाऊक होतं. मी एक लांबच लांब इमारत काढली होती. दीडशे फुटांचा व्हरांडा, त्याला कमानींची रांग. एका टोकाला रेक्टरची खोली आणि अख्ख्या वसतिगृहाला तिथं एकच दार. शिस्त राहावी म्हणून. संडास त्या दाराच्या बाहेर. कमानींची ती रांग कोपऱ्यातून बघितली की अशी काही दिसायची! ज्युरीला आठ दिवस उरले तेव्हा ताप आल्याचं सांगून मी नगरला मामाकडे गेलो, आणि तिथं निवांत बसून जलरंगात चित्र रंगवलं. पुढं गुलमोहर काढले, हिरवळ काढली, एक कारंजं काढलं. पिण्याचं पाणी जिथं टँकरनं येत होतं त्या पाथर्डीत मी कारंजं काढलं. हे लिहिताना आजही माझे कान तापतात.

ज्युरीला विभागप्रमुख आले आणि त्यांच्याबरोबर मुंबईचे एक बडे आर्किटेक्ट. जीपमधून उतरले तेच रुमाल नाकाला लावून. मैदानावर साळवेचं वसतिगृह आखलेलं होतं. दोघंही बोलत बोलत त्याच्या भिंतींवरून, चुलीवरून, झोपलेल्या पोरांवरून सरळ चालत खोलीत आले. सर मागून दारादारातून वळसा घेऊन आले.

साळवेचा कागद भिंतीवर लागला. रेघा जाड, रबरानं खोडलेलं दिसतंय. शेजारी त्याचं तक्रारपत्र, सात तक्रारी. सरांनी शिकवलं होतं तसं. एप्रिलमध्ये गच्ची तापेल, उपाय सापडला नाही. मोठ्या मुलींना अंगणात आडोसा कमी पडतो. अशा सात. मुंबईच्या साहेबांनी डिझाइनकडे बघितलंच नाही. त्यांनी तक्रारपत्र उचललं आणि मोठ्यानं वाचायला सुरुवात केली. वाचता वाचता हसायला लागले.

"अरे वा, यांनी आपलं काम सोपं केलं! विद्यार्थी स्वतःच म्हणतोय गच्ची तापेल. मग आपण मार्क कशाचे द्यायचे?"

आणि एकेका तक्रारीला त्यांनी मार्क कापले. सातच्या सात! मग विभागप्रमुखांनी साळवेला विचारलं, "तुम्ही नेवाशाचे ना? घरी असंच असेल बुटकं बुटकं. त्यातून बाहेर पडायला शिका." साळवे ताठ उभा होता. त्याच्या घराबद्दल बोलायचा अधिकार या माणसाला कुणी दिला होता? हा माणूस आज यादीत पहिला आहे.

एकामागून एक अकरा जणांचं हेच झालं. ज्यानं जितकं प्रामाणिक लिहिलं त्याचे तितके मार्क गेले. या जगात स्वतःची चूक दाखवणं हा गुन्हा आहे, हे आमच्या बिचाऱ्या अकरा जणांना कुणी सांगितलंच नव्हतं.

माझ्या चित्राशेजारी तक्रारपत्र नव्हतं. मी ते लिहिलं होतं. खिशात होतं. लावलं नाही. दोघं पाहुणे चित्रापुढे थांबले, मागे सरकून बघितलं, मान तिरकी करून बघितलं. "ही खरी आर्किटेक्चरची नजर," मुंबईचे साहेब म्हणाले. एकाच दाराचं तर विशेष कौतुक झालं, नियंत्रण चांगलं राहील म्हणून. मला पहिला नंबर दिला. विभागप्रमुख सरांकडे वळले.

"वाबळे, एक टर्म तुम्ही यांना मैदानात रांगोळ्या घालायला लावल्या. या मुलानं तुमचं ऐकलं नाही म्हणून तो वाचला. बाकीच्यांना तुम्ही नुसतं रडगाणं लिहायला शिकवलंत. पुढच्या वर्षीचं मला काही कठीण दिसतंय."

सर फक्त म्हणाले, "त्यांना आतून बघायला शिकवलं, साहेब."

मी तेव्हा बोलायला हवं होतं. खिशातला कागद काढून भिंतीवर लावायला हवा होता. त्यावर पहिलीच ओळ होती, 'शेवटच्या खोलीतून दार फार लांब.' मी लावला नाही. एकवीस वर्षांचा होतो, पहिला आलो होतो, एवढंच कारण आहे आणि ते कारण म्हणून पुरत नाही. जीप गेली. संस्थेनं ते वसतिगृह कधी बांधलं नाही, माझंही नाही आणि साळवेचंही नाही. दसऱ्यानंतर गयाबाई पोरांना बरोबर घेऊनच कारखान्यावर गेली असणार.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीनं आम्ही सगळे नगरला निघणार होतो, सरही. उठून बाहेर आलो तर मैदान पांढरं झालेलं. सरांनी उजाडायच्या आतच साळवेच्या रेघा झाडून माझं वसतिगृह आखलं होतं. एकट्यानं, दीडशे फूट, माझ्या कागदावरून माप घेऊन. बुशशर्टाच्या बाह्या फक्कीनं माखल्या होत्या.

"कुलकर्णी, तुझं राहिलं होतं. चल, आत जाऊन येऊ."

आवाजात राग नव्हता. राग असता तर मला बरं झालं असतं. मी खाली बघत म्हणालो, "सर, गाडी येईल आता."

"बरं," ते म्हणाले. स्वतःची पत्र्याची ट्रंक उचलली, रेक्टरच्या खोलीशेजारच्या त्या एकुलत्या एक दारातून आत गेले, व्हरांड्यातून चालत चालत शेवटच्या खोलीत पोचले आणि तिथं ट्रंकेवर बसून राहिले. शेवटची खोली रस्त्याला लागूनच होती. आम्ही रस्त्याच्या कडेला वळकट्या घेऊन उभे, आणि आमच्यापासून दहा पावलांवर, मध्ये पांढरी दुहेरी रेघ, पलीकडे सर.

गाडी आली. आम्ही चढलो. मी खिडकीशी बसलो, साळवे शेजारी. ज्युरीपासून तो माझ्याशी एक शब्दही बोलला नव्हता. सर ट्रंक घेऊन उभे राहिले.

"सर, इकडून या!" मी खिडकीतून ओरडलो. "इकडून, सरळ!"

त्यांनी रेघेकडे बोट दाखवलं. "इथं भिंत आहे," म्हणाले. आणि ट्रंक खांद्यावर घेऊन गाडीकडे पाठ करून माझ्या व्हरांड्यातून दाराकडे चालायला लागले.

"आवो मास्तर!" कंडक्टर दारात लोंबकळत ओरडला. "गाडी हिकडं हाय! येताय का न्हाई?"

सरांनी मोकळा हात वर करून 'आलो' अशी खूण केली. पाऊल लहान टाकत होते. अडीच फुटांचं नव्हे, पोराचं.

"थांबवा ना गाडी," मी कंडक्टरला म्हणालो.

"किती येळ? माणूस उलटाच चाललाय की." त्यानं घंटी मारली.

साळवे उठला, माझ्याकडे न बघता वळकटी काढली आणि चालत्या गाडीतून खाली उतरला. मी बसून राहिलो. खिडकीतून मान बाहेर काढून मी ती पावलं मोजत होतो, आयुष्यात पहिल्यांदा. चाळीस झाली तेव्हा गाडी वळली. दार अजून पुढंच होतं.